ज्याचं घेतलं त्याच्या नावानं

वैरागडेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कानातून कापूस काढत होते. सेक्टर सहामधला आमच्या मंडळाचा हॉल, गणपतीचे दिवस. आरती आटोपली होती आणि सगळ्यांचा डोळा खिरापतीकडे लागला होता. अशात सतरंजीच्या टोकाला बसलेल्या एका उंच, सावळ्या गृहस्थाने आधी उजव्या, मग डाव्या कानातून कापसाचा बोळा काढला, दोन्ही बोळे रुमालात बांधले, रुमाल खिशात घातला आणि मग तंबोरा मांडीवर घेतला. मी मनात म्हटलं, याचे कान फुटलेले दिसतात, हा काय कपाळ गाणार. शेजारच्याने सांगितलं की हे रोलिंग मिलचे फोरमन. दिवसभर लोखंडाच्या धडधडाटात उभे असतात, म्हणून गाण्यासाठी कान राखून ठेवतात. घरची तिजोरी राखावी तसे.

मी तेव्हा पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये नवा कारकून होतो. शेजारच्या दुर्ग शहरात वाढलेला, तबल्यावर जरा बरा हात असलेला, आणि त्या जोरावर स्वतःला बराच मोठा समजणारा. त्या दिवशी मंडळाचा नेहमीचा तबलजी आला नाही म्हणून मला बसवलं. काकांनी बागेश्री धरली. आवाज गोड नव्हता, पण भरीव होता, आणि सुराला पक्का. दोन आवर्तनं झाली आणि गाता गाता त्यांनी एकदम कानाची पाळी चिमटीत धरली. मला वाटलं डास चावला. थोड्या वेळाने पुन्हा धरली. मग पुन्हा. मी ठेका सांभाळू की यांच्या कानाकडे बघू, असं झालं.

गवई आपल्या गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात हे मला ठाऊक होतं. पण ते बोलताना. हा माणूस गाताना धरत होता, आणि एकाच रागात चार-चारदा. नंतर प्रसाद खाता खाता विचारलं तर काका म्हणाले की पहिली जागा, म्हणजे सुरांचं ते वळण, रेडिओवर ऐकलेल्या एका बाईंची, दुसरी आर्वीच्या एका कीर्तनकाराची, तिसरी आगगाडीत भीक मागणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याची. ज्याची जागा आली त्याच्या नावानं कान धरायचा. "ज्याचं घेतलं त्याच्या नावानं कान धरला का थे घेनं होते," ते म्हणाले. "नाही धरला का चोरी होते. एवढाच फरक आहे."

हे त्यांचं गाण्यापुरतंच असतं तर मी ते कलावंताचं लहरीपण म्हणून सोडून दिलं असतं. पण काका सगळ्याच बाबतीत तसे होते. स्कूटर तिरकी करून किक मारायची युक्ती समोरच्या क्वार्टरमधल्या सरदारजींनी शिकवली होती; स्कूटर सुरू झाली की आधी कान, मग गिअर. मिलमध्ये रूळ वाकडा निघायला लागला की तो कसा ओळखायचा, हे त्यांना सुरुवातीच्या दिवसांत आलेल्या एका रशियन साहेबाने खाणाखुणा करून दाखवलं होतं. तो साहेब आपल्या देशात परत जाऊन किती वर्षं झाली होती, पण इकडे काका त्याच्या नावाने कान धरत आणि नवी पोरं फोरमनसाहेबांना काही चावलं का म्हणून बघत राहत. झुणका चांगला झाला तर सासूबाईंच्या नावाने. काकू एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यायच्याजवळ सोताचं असं काय हाये, थे एकदा इचारून घ्या न. मले तर एवढ्या वर्षांत काही दिसलं नाही." काका हसले आणि झुणका पुन्हा मागितला.

सगळ्यात मोठा कान मात्र टाकळीकरबुवांसाठी राखलेला होता. बुवा काकांच्या लहानपणीच वारले होते. काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची एक तबकडी तेवढी काकांकडे होती. तीन मिनिटांची बागेश्री. काकांना गुरू म्हणून तेवढीच. ती त्यांच्या घरी कशी आली ते काकांनी एकदा कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता सांगितलं. आर्वीला त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंगच्या शेठने नवा ग्रामोफोन आणला आणि जुना, एका तबकडीसकट, वडिलांना देऊन टाकला. पोराला गाण्याचं वेड आहे हे बापाला माहीत होतं. बाप ग्रामोफोन डोक्यावर घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी तबकडी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायला गेला. येताना काळ्या मातीच्या चिखलात सायकल घसरली. तबकडी फुटली नाही, पण कॅरिअरचं लोखंड घासून तिच्यावर एक आडवा चरा उमटला.

"मी बाबाशी बोललोच नाही," काका म्हणाले. "पोरगा होतो, राग आला. थे म्हने, वाजते ना बे, मंग झालं. मले वाटे, माह्या बुवाले यानं जखम केली." वडील पुढे लवकरच गेले. पोराचं गाणं त्यांनी काही ऐकलं नाही. एवढं सांगून काकांनी चहाचा ग्लास उपडा ठेवला आणि आम्ही आपापल्या कामाला गेलो.

आता त्या प्रसिद्ध उडीबद्दल सांगायला हवं. बागेश्री गाताना काका हळूहळू खाली उतरत, पार विहिरीच्या तळाशी गेल्यासारखे. तिथे जरा रेंगाळत. मग मांडीवर बोटाने एक टिचकी मारत, आणि त्याच श्वासात एकदम वरच्या षड्जावर. मध्ये पायरी नाही, शिडी नाही. खालचा सूर कानात असतानाच वरचा लागलेला.  मग काका कान धरत आणि हॉलमधले जाणकार मान हलवत. ही टाकळीकरबुवांची उडी. ती जमवायला काकांना आठ-दहा वर्षं लागली होती. कितीदा आवाज फाटला, कितीदा ठसका लागला. "बुवाची छाती लोहाराच्या भात्यासारखी असंन," ते म्हणायचे. "आपली काय, सायकलचा पंप."

या उडीवर माझा मात्र डूख होता, आणि त्याला कारण होतं. त्या जागी दरवेळी माझा ताल मोडायचा. काका वर पोचले की सम माझ्या हिशोबाच्या आधीच येऊन बसलेली असायची. मी म्हणायचो, काका, तुम्ही मात्रा खाल्ल्या. काका म्हणायचे, "बुवाच्या तबलजीले जमून राहिलं, तुले कावून जमत नाही?"  मेलेल्या तबलजीशी भांडता येत नाही. शेवटी टिचकी ऐकली की मीही डोळे मिटून मात्रा गिळायला शिकलो. लोक म्हणत, काय समजून वाजवता हो. मी मान डोलवायचो.

ती तबकडी काकांनी आम्हाला कधी वाजवून दाखवली नाही. वाजवली की झिजते, म्हणून ती जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत असायची. काकांना ती पाठच होती. त्यांच्यामुळे ती आम्हालाही पाठ झाली, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या सुषमालाही. सुषमा काकांची एकुलती एक शिष्या. परकर-पोलक्यात असल्यापासून ती त्यांच्यापुढे बसली आणि तिने सगळं घेतलं. उडी घेतली, टिचकीही घेतली. पोरीच्या हातची ती टिचकी बघून मला हसू यायचं, पण काका तिला कौतुकाने म्हणत, बुवा पोचले बरं का तुझ्यापर्यंत. लग्न होऊन ती नागपूरला गेली आणि तिकडे गाण्याच्या शिकवण्या घेऊ लागली.

त्याच सुषमाने कॅसेट पाठवली. तेव्हा जुन्या तबकड्यांच्या कॅसेटा निघायला लागल्या होत्या. सीताबर्डीवर दुकानात तिला टाकळीकरबुवांची दिसली, आणि इकडे येणाऱ्याच्या हाती तिने ती लगोलग धाडली. सोबत निरोप होता, काका, तुमचे बुवा आता झिजायचे नाहीत. काकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. रविवारी सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. काकूंनी पोहे केले, पेरूच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या, माझा टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला. काका नवा पायजमा घालून बसले होते. लग्नात मुलीकडचे बसतात तसे.

तीच बागेश्री, बुवांचा आवाज निघाला. स्वच्छ, जवळचा. खाली उतरू लागले तसे आम्ही सगळे सावरून बसलो. काकांचं बोट मांडीवर तयार होतं, दुसरा हात कानाशी गेलेला. बुवा तळाशी रेंगाळले. आणि मग, चार माणसं चढतात तसे, एक एक सूर घेत, न घाई करता वर चढले. सम आली ती बरोबर माझ्या मात्रेवर आली. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. इतकी वर्षं मी बरोबर होतो. मग माझं काकांकडे लक्ष गेलं आणि तो आनंद कुठल्या कुठे गेला.

काका म्हणाले, कॅसेटवाल्यांनी काहीतरी घोळ केला असेल. ते आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ग्रामोफोन घेऊन बाहेर आले. साडीतून तबकडी काढली. किल्ली दिली, सुई ठेवली. बुवा पुन्हा खाली उतरले, पण या वेळी खरखरीतून. तळाशी रेंगाळले. मग सुई चऱ्यावर आली आणि टक् असा आवाज होऊन पुढच्या रेषांवर जाऊन पडली, आणि बुवा एकदम वरच्या षड्जावर.

काकांचं बोट मांडीवर तसंच होतं. टिचकी म्हणजे काय होतं ते तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं.  उडी बुवांनी कधी मारलीच नव्हती. चऱ्याने मधली चढण खाल्ली होती, तिच्याबरोबर माझ्या मात्राही, आणि जे गाणं कोणाच्याही गळ्यातून कधी निघालं नव्हतं ते काकांनी रक्त आटवून आपल्या गळ्यात बसवलं होतं. काकूंनी पोह्यांच्या बश्या उचलल्या. आम्ही एकेक करून निघालो.

त्यानंतर काकांनी गाणं सोडलं. आजारी पडले नाहीत, चिडचिड केली नाही. फक्त कानातला कापूस घरी आल्यावरही काढेनासे झाले. बोलायचं तर आपण ओरडून बोलायचं. गणपती तोंडावर आले तशी मंडळाची माणसं त्यांना विनवू लागली. मला पाठवलं. मी म्हटलं, काका, बुवांनी नाही मारली तर नाही. उडी तुमची आहे. तुमची म्हणून गा.

माझ्यावर ते कधी रागावले असतील तर त्या दिवशी. कापूस काढला आणि म्हणाले, "माही? मी कोन होतो बे? इतके वर्ष एका मेलेल्या मानसाच्या नावावर खोटं गाऊन राहिलो. त्यानं केलं नाही थे त्याच्या पदरी टाकलं. आता म्हनू का माहं आहे?" मी म्हटलं, मग उडी गाळून गा. तर म्हणाले, ती आता निघत नाही. तिथं आलो की आवाज आपला आपण वर जातो. हात कानाशी जातो, आणि कोणाच्या नावानं ते समजत नाही, म्हणून गाणं तिथेच अडतं. नाव घेतल्याशिवाय जागा घ्यायची नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. आणि या जागेला मालकच राहिला नव्हता. मला त्या दिवशी त्यांची फार कीव आली. तसा मी कोणाची कीव करणाऱ्यातला नाही.

सुषमाला मीच सगळं कळवलं. गणपतीत ती नागपूरहून आली आणि मंडळात गायला बसली. तबल्यावर मी. काका आले होते, पण सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, कानात कापूस घालून. सुषमाने बागेश्री धरली. खाली उतरताना तिने एकदा मागे पाहिलं. काकांनी कापूस काढलेला होता. तिने मांडीवर टिचकी मारली आणि गेली वर. मी सवयीने मात्रा गिळल्या. सम आली. मग तिने हात वर नेला, कानाची पाळी धरली आणि काकांकडे बघून मान लववली.

सगळ्या हॉलने काकांकडे वळून पाहिलं. आणि काकांनी स्वतः मागे वळून पाहिलं, की ही पोरगी कोणाच्या नावाने कान धरून राहिली. मागे भिंत होती.

गाणं झाल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. मी तबला बांधत तिथेच होतो. हे चूक केलंस, ते म्हणाले. ते माझं नाही, चऱ्याचं आहे. सुषमा पायाशी बसली होती. म्हणाली, "चरा गाते का काका? मी घेतलं थे तुमच्यापासून घेतलं. तुमच्या नावानं कान नाही धरला तर चोरी नाही का होणार?" काकांनी तिचा नमस्कार घेतला, डोक्यावर हात ठेवला, आणि खिरापत न घेता घरी गेले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. हा मुलूख मध्य प्रदेशातून वेगळा निघालेलाही त्यांनी पाहिला नाही. सुषमाच्या शिष्या आता नागपुरात गातात, आणि त्यातली एखादी गाता गाता मांडीवर टिचकी मारते असं ऐकतो. काकांची आठवण निघाली की मंडळातली माणसं तो हॉलचा प्रसंग सांगतात. माझ्या मनात मात्र त्यानंतरची एक दुपार आहे.

विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. काकांनी मला तबला-डग्गा घेऊन बोलावलं. घरात आम्ही दोघंच. काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी कापूस काढला, रुमालात बांधला, तंबोरा घेतला आणि बागेश्री सुरू केली. आवाज बसलेला होता, तापायला वेळ लागला. मग खाली उतरले. मी वाट बघत होतो, की आता अडणार. टिचकी वाजली, आवाज वर गेला, जरासा फाटला, पण लागला. आणि हात कानाशी गेला. पाळी धरली, ती चांगली घट्ट धरली, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच धरून राहिले. मी ठेका वाजवत राहिलो. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

गाणं संपल्यावर मी विचारलं, काका, आता कोणाच्या नावानं?

"माह्या बाबाच्या," ते म्हणाले. "थो सायकलवरून पडला नसता तर हे कुठून आलं असतं? आन मी त्याच्याशी बोललो नाही."

 त्यांची सेकंड शिफ्ट होती. त्यांनी रुमाल सोडला, दोन्ही बोळे कानात घातले आणि स्कूटर तिरकी करायला बाहेर गेले.